माळ्यावरचं थिएटर



काय, मागच्या वेळचा सायकलचं पंक्चर काढायचा उद्योग जमला का? हात काळे झाले असतील आणि आईची बोलणीही खाल्ली असतील. चालायचंच! ज्याचे हात काळे होत नाहीत त्याला काही येत नाही, असं मी आमच्या चौथीच्या वर्गाला नेहमी सांगते.

आजची खुडबुड जरा मोठी आहे. एकट्यानं करायची नाही. घरातलं कुणीतरी मोठं माणूस बरोबर घ्यायचं. कबूल? मग ऐका.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही माळा झाडायला काढला. पितळी पिंप, मोडका पाळणा, मुलांची जुनी दप्तरं आणि सगळ्यात मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला आमचा संगणक. २०१० साली हप्त्यांवर घेतलेला! तेव्हा आम्ही त्याला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. आता त्याच्यावर बोटभर धूळ होती आणि एका कोपऱ्यात कोळ्यानं संसार थाटला होता.

नेमका त्याच वेळी खाली भंगारवाला आला. म्हणाला, "बाई, अडीचशे देतो."

आमचे चिरंजीव आठवीत आहेत. ते म्हणाले, "देऊन टाक गं आई. माझ्या मोबाईलमध्ये याच्यापेक्षा जास्त ताकद आहे."

खरंच होतं ते. पण आमच्या आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "विकायचा तर विका. पण आधी आत काय आहे ते तरी बघाल की नाही?"

आजींना अलीकडे कमी ऐकू येतं. कानाला यंत्र आहे, पण समोरासमोर एकच माणूस बोलत असेल तर त्याचा उपयोग. चारजण एकदम बोलायला लागले की त्या गप्प बसतात. टीव्हीसमोर बसणंही त्यांनी सोडलं होतं. संध्याकाळी आमचे हे मोबाईलवर बातम्या बघत, चिरंजीव क्रिकेट, धाकटी कार्टून, आणि मी वह्या तपासत असे. आजी ओट्यावर बसून रस्ता बघत. घरात पाच माणसं, पण संध्याकाळ पाच ठिकाणी वाटलेली! तेव्हा माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. ते पुढे आलं.

तर संगणक खाली उतरवला. आता पहिला नियम लिहून घ्या: प्लग काढल्याशिवाय खोका उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. दुसरा नियम: आत जो पत्र्याचा बंद डबा असतो, ज्यातून सगळ्या वायरी निघतात, तो कधीच उघडायचा नाही. तो वीजपुरवठ्याचा डबा. बंद असतानाही त्याच्या पोटात जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

बाकीची धूळ आम्ही अंगणात नेऊन रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशनं झाडली. नाकाला रुमाल बांधून बरं का! पंखा साफ करताना तो बोटानं धरून ठेवायचा, गरागरा फिरवायचा नाही.

मग बटण दाबलं. आतून नुसतं "पीं... पीं... पीं..." पडदा काळाच!

"गेला," चिरंजीव म्हणाले.

गेला नव्हता. तो बोलत होता. आतली स्मरणपट्टी, म्हणजे रॅम, नीट बसली नसेल तर संगणक असा शीळ घालून सांगतो. आम्ही प्लग काढून ती पट्टी बाहेर काढली, तिच्या सोनेरी कडेवरून साध्या पांढऱ्या खोडरबरानं हलकेच पुसलं, कचरा झटकला आणि 'टक्' आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवली. आणि काय सांगू! दोन रुपयांच्या खोडरबरानं संगणक जिवंत झाला.

तारीख मात्र भलतीच दाखवत होता. आत रुपयासारखा गोल, ३ व्होल्टचा सेल असतो, तो उतरला की घड्याळ पुसलं जातं. सेल नवा घातला. जुना सेल लगेच कागदात बांधून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवला. हा सेल कुणी गिळला तर थोड्या वेळात आतून भाजतं, म्हणून ही काळजी घ्यायलाच हवी.

आत काय सापडलं म्हणता? आजोबा! धाकटीच्या बारशाचे फोटो, आणि त्यांत आजोबा तिला मांडीवर घेऊन बसलेले. ते फोटो आमच्या कुणाच्याच मोबाईलमध्ये नव्हते. आजी बराच वेळ पडद्यासमोरून हलल्या नाहीत. अडीचशे रुपयांत आम्ही काय काय देऊन बसलो असतो! तेव्हा दुसरं काही करायच्या आधी सगळे फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवले. तुम्हीही आधी हेच करा.

आता प्रश्न असा, की या म्हाताऱ्या संगणकाला काम काय द्यायचं? नवे खेळ त्याला झेपणार नाहीत. शिवाय त्यातल्या विंडोज ७ला कंपनीनं सुरक्षेची डागडुजी देणं १४ जानेवारी २०२० पासून बंद केलंय, म्हणजे ते घेऊन इंटरनेटवर फिरणं धोक्याचं. पण सिनेमे, गाणी, फोटो दाखवायचं काम तर तो करू शकेल ना? दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला, स्पीकर लावले, की झालं घरचं थिएटर! चिरंजीवांचे डोळे एकदम चमकले.

आम्ही त्यावर लिनक्स मिंट नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. रॅम आधी २ जीबी होती, तशीच आणखी एक जुनी २ जीबीची पट्टी साताऱ्याहून आणून लावली. सिनेमे चालवायला व्हीएलसी घेतलं. ते तुम्ही पाहिलंच असेल, नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेलं. त्याची गंमत माहीत आहे? हे काम १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी सुरू केलं. ती पोरं रस्त्यावरचे वाहतुकीचे शंकू गोळा करून आणायची, म्हणून चित्र शंकूचं! २००१ पासून ते सगळ्या जगाला खुलं झालं. कुणीही वापरा, पैसे नाहीत.

मग वायरी. आमच्या संगणकाला पाठीमागे निळी, पंधरा भोकांची जागा होती. तिला व्हीजीए म्हणतात. टीव्हीला मात्र चपटी एचडीएमआय. नुसती वायर बदलून हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. कारण व्हीजीएतून चित्र विजेच्या लाटांसारखं जातं, आणि एचडीएमआयला ते आकड्यांमध्ये लागतं. मध्ये दुभाषा हवा! तो एक छोटा डबा असतो, आम्हाला ४५० रुपयांना पडला. आणि लक्षात ठेवा, व्हीजीएतून फक्त चित्र जातं, आवाज नाही. आवाजासाठी संगणकाच्या मागच्या हिरव्या भोकातून वेगळी वायर स्पीकरला न्यावी लागते.

पहिला सिनेमा लावला. मोबाईलवरचं भाचीच्या लग्नाचं चित्रीकरण हो! तर नवरदेव अडखळत चालतोय, अक्षता हवेतच थांबल्यात. धाकटी हसून लोटपोट.

असं का झालं? थोडं गणित करू, घाबरू नका. मोठ्या टीव्हीवरचं एक चित्र आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपक्यांचं असतं. गुणाकार करा, २० लाखांहून जास्त ठिपके! एका ठिपक्याचा रंग लिहायला ३ अंक-खोल्या, म्हणजे बाइट, लागतात. सेकंदाला चित्रं २५. सगळं गुणलं तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट. असा सिनेमा साठवायचा म्हटलं तर ७०० एमबीची सीडी पाच सेकंदही पुरायची नाही.

म्हणून तो दाबून साठवतात. कसा? आमच्या वर्गात फळ्यावर सुविचार आठवडाभर तोच असतो, रोज मी फक्त तारीख बदलते. सगळा फळा काही पुसून लिहीत नाही. तसंच इथे, आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच लिहितात. पण वाचताना संगणकाला ते सगळं पुन्हा उलगडावं लागतं. नवनवीन पद्धती फार घट्ट दाबतात, आणि जुन्या संगणकाला ती घडी भराभर उलगडता येत नाही. उपाय सोपा आहे. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचा, एच २६४ या जुन्या पद्धतीनं साठवलेला सिनेमा द्यायचा. ठिपके निम्म्याहून कमी! तसं केल्यावर नवरदेव झोकात चालायला लागले.

आता आवाज. चिरंजीवांनी मित्राकडून दोन स्पीकर आणि एक मोठा धडधडणारा खोका आणला. बटण शेवटपर्यंत पिरगाळलं. खिडकीची तावदानं थरथरली, मांडणीवरच्या वाट्या वाजल्या. "आजी, आता ऐकू येईल बघ!" तो ओरडला.

आजी दोन मिनिटं बसल्या. मग उठून ओट्यावर गेल्या.

चिरंजीव हिरमुसले. "एवढा मोठा आवाज केला तरी हिला ऐकू येत नाही?"

"ऐकू येतं रे," आजी बाहेरून म्हणाल्या, "कळत नाही."

ऐकू येतं, पण कळत नाही! मी शाळेत रोज मुलांना शब्द फोडून शिकवते, पण या वाक्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी आजींना कानांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. वय झाल्यावर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. ढोल ऐकू येतो, पैंजण नाही. आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर ढोलासारखे, आणि स, श, फ, थ ही व्यंजनं पैंजणासारखी. त्यामुळे 'सात', 'हात' आणि 'पात' हे तिन्ही शब्द आजींच्या कानाला नुसते 'आत' असे लागतात! आम्ही धडधड वाढवली, म्हणजे ढोल वाढवला. पैंजण त्याखाली पार बुडून गेलं.

डॉक्टरांनी आजींचं यंत्र नव्यानं जुळवून दिलं. घरी येऊन आम्ही तो मोठा खोका काढून टाकला. व्हीएलसीत आवाजाच्या उभ्या दांड्या असतात, त्यांतल्या डावीकडच्या, म्हणजे जाड आवाजाच्या, खाली केल्या आणि उजवीकडच्या थोड्या वर. आता आजींना निम्मं तरी कळू लागलं. निम्मंच!

मग मला एक युक्ती सुचली. ज्यात कुणालाच काही ऐकायचं नाही, असा सिनेमा लावला तर?

दादासाहेब फाळक्यांचं नाव तुम्हाला माहीत आहेच. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यांनीच १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला. मूकपट! त्यात बाळकृष्ण कोण झालंय माहीत आहे? त्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच ती नुसत्या चेहऱ्यानं वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग बघता बघता कृष्ण होते. आपल्याकडे चित्रपट प्रदर्शित होऊन ६० वर्षं उलटली की त्याचा हक्क सर्वांना खुला होतो, त्यामुळे हा बघायला कुणाची चोरी नाही. (चोरून उतरवलेले नवे सिनेमे आपल्या थिएटरात लावायचे नाहीत, बरं का!)

दिवे मालवले. शेजारची चार मुलंही आली. पडद्यावर मंदाकिनी डोळे मोठे करत होती, गाल फुगवत होती, आणि आजी सगळ्यांच्या पुढे बसून खुदुखुदु हसत होत्या. मध्येच मागे वळून म्हणाल्या, "आज बरी जिरली! सगळ्यांचीच गत माझ्यासारखी."

आम्ही हसलो. पण धाकटी हसली नाही. रात्री ती माझ्या कुशीत येऊन म्हणाली, "आई, गॅदरिंगमध्ये मी कावळा झाले होते ना, तेव्हा आजीला काहीच कळलं नसेल?"

मला आठवलं. जानेवारीतल्या त्या नाटकाला आजी पहिल्या रांगेत होत्या. सगळे हसले तेव्हा हसल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा वाजवल्या. रात्री त्यांनी धाकटीला विचारलं होतं, "तू काय म्हणालीस गं, सगळे एवढे हसले ते?" ती पेंगुळली होती. "उद्या सांगते," म्हणाली. ते 'उद्या' राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चिरंजीवांनी नाटकाचं चित्रीकरण शोधून काढलं आणि दोघं बहीण-भाऊ संगणकासमोर बसली. पडद्याच्या तळाशी अक्षरं येतात ना, ती आपल्यालाही लिहिता येतात. अगदी सोपं आहे. साध्या मजकुराच्या फाइलीत असं लिहायचं:

१
००:००:०५,००० --> ००:००:०८,०००
काव काव! मला बोलावलंत?

पहिला आकडा ओळीचा क्रमांक. मग अक्षरं कधी यायची आणि कधी जायची ती वेळ: तास, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचा हजारावा भाग. मग वाक्य. मग एक ओळ मोकळी, आणि पुढचा क्रमांक. फाइलीत आकडे मात्र इंग्रजी घालायचे. फाइलीला चित्रफितीचंच नाव द्यायचं, शेवटी टिंब आणि एसआरटी ही तीन इंग्रजी अक्षरं. साठवताना यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर मराठी अक्षरं नीट दिसत नाहीत.

नाटक बारा मिनिटांचं. काम मात्र चार संध्याकाळी चाललं! एक थांबवून ऐकतोय, दुसरी लिहितेय. वाक्य फार लांब झालं तर वाचून व्हायच्या आत निघून जातं, म्हणून तोडायचं. हशा असेल तिथे कंसात 'सगळे हसतात' असं लिहायचं. भांडणंही झाली, पण मोबाईल त्या चार दिवसांत कुणी मागितला नाही.

पाचव्या संध्याकाळी खेळ! अक्षरं आम्ही चांगली ठळक, मोठी केली होती. जंगलातली सभा सुरू झाली. मोर ऐटीत म्हणाला, काळ्यानं इथे बसू नये. आमचा कावळा उडी मारून पुढे आला. खाली अक्षरं उमटली:

"मी काळा म्हणून नको? मग वर्शातून एकदा पान वाढून मलाच का हाका मारता?"

आजींनी चष्मा सावरला. वाचलं. आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. "अगो बाई! हे म्हणाली होय माझी कावळी?" धाकटी त्यांच्या मांडीत जाऊन बसली.

हसू ओसरल्यावर आजी म्हणाल्या, "एकदा मागे घे रे ते." चिरंजीवांनी घेतलं. आजींनी पडद्याकडे बोट केलं. "'वर्ष' पोटफोड्या 'ष'नं लिहितात. शिक्षिकेच्या घरात हे असं?"

माझी मान खाली! आजी जुन्या काळची सातवी पास आहेत. त्या दिवसापासून अक्षरं तपासायचं काम त्यांच्याकडे आहे. आता त्या ओट्यावर बसत नाहीत असं नाही, पण सात वाजले की स्वतःच विचारतात, "काय रे, आज थिएटर बंद का?"

आता पालकांसाठी हिशेब. स्मरणपट्टी, सेल, दुभाषा डबा आणि वायरी मिळून आमचे दीड हजाराच्या आत गेले. जुना संगणक नव्या छोट्या यंत्रापेक्षा वीज जास्त खातो. साधारण शंभर वॅट धरले तर दहा तासांना एक युनिट. म्हणून खेळ संपला की बटण बंद. आणि संगणक खरोखरच मेलेला असेल तर तो इ-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. तांब्यासाठी वायरी जाळतात तो धूर फार विषारी असतो.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. संगणक नसला तरी चालेल. घरातल्या किंवा शेजारच्या एका आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, "टीव्हीवरचं सगळं कळतं का तुम्हाला?" ऐकू येतं का, असं नाही विचारायचं. कळतं का, असं विचारायचं. उत्तर काय मिळालं ते मला पत्रानं कळवा.

पत्रात 'वर्ष' आलं तर 'ष' पोटफोड्या काढा. पत्रं आजी वाचणार आहेत!

तुमची,
बाई